हिंगण्याची पायवाट

बंगळूर शहराच्या आग्नेयेस, होसूरकडे आणि सर्जापूरकडे जाणाऱ्या दोन रस्त्यांच्या बेचक्यात वसलेली आणि त्याच रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून एचएसआर लेआउट हे नाव मिळालेली ही वसाहत अशी आहे की, येथेच जन्मून येथेच वाढलेला वयस्क मनुष्य क्वचित भेटतो आणि कोठून तरी आलेला मनुष्य मात्र प्रत्येक जिन्यावर भेटतो. अगरा तलावाच्या काठाने सकाळी फिरावयास निघालेल्या वृद्धांच्या मागून चालत गेले, तर एका फेरीत कन्नड, तेलुगू, तमिळ, बंगाली आणि हिंदी इतक्या भाषा कानांवर येतात, आणि मधूनच एखाद्या बाकावरून, गुडघेदुखीवरील उपायांची चर्चा करणारी आपली मराठीही ऐकू येते. ही मंडळी बहुतेक मुलांच्या संसारास हातभार लावण्याकरिता आलेली. कोणी साताऱ्याचे, कोणी जळगावचे, कोणी बेळगावचे. आणि त्यांत निवृत्त शिक्षकांचा भरणा मोठा. मीही त्यांतलीच एक.

याच वसाहतीत आणि तिच्या आसमंतात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या, पुण्याच्या कर्वेनगरात अभियांत्रिकी शिकून आलेल्या काही लेकीसुनांनी आपल्या मातृसंस्थेच्या, म्हणजे महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या, स्मरणार्थ ही पुस्तिका काढावयाचे योजिले, आणि संस्थेचा पूर्वेतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपविले. संस्थेचा इतिहास म्हटला की तो सभेच्या ठरावांनी, घटनेच्या कलमांनी आणि देणगीदारांच्या नामावळीने सुरू करावा असा शिरस्ता आहे. या संस्थेचे दप्तरही त्या दृष्टीने संपन्न आहे. परंतु मला हा इतिहास एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पायी प्रवासाने सुरू करावासा वाटतो. कारण पुढे जे उभे राहिले ते एका शिक्षकाने जन्मभर चालून उभे केले आहे, अशी माझी खात्री आहे.

१८७५ सालच्या सप्टेंबर महिन्यातील ही हकीकत. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात समुद्रकाठी मुरूड नावाचे गाव आहे. तेथील शाळेत सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते, आणि त्यांच्या प्रेरणेने गावच्या दुर्गादेवीच्या देवळात चार मंडळी जमवून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम ज्या मुलाकडे आले, तो धोंडो केशव कर्वे. मराठी सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज मराठी शाळेत शिक्षकाची किंवा कचेरीत कारकुनाची जागा मिळण्याची त्या काळी सोय नव्हती. परीक्षेचे ठाणे मुंबईस होते आणि साताऱ्यासही होते. मुंबईस आगबोटीने जावे असा प्रथम बेत होता, पण हवा वादळी होऊन बोटी बंद पडल्या, आणि तेव्हा सोबत्यांनी आणि त्याने साताऱ्याची वाट धरली. शंभर मैलांहून अधिक अंतर, हाताशी मोजके दिवस, डोक्यावर पाऊस, आणि मध्ये कुंभार्लीचा घाट. तो घाट आज मोटारीने चढतानासुद्धा पावसाळ्यात धुक्याने रस्ता दिसेनासा होतो. त्या मुलांनी तो पायांनी चढला, आणि परीक्षेच्या वेळेपर्यंत ते साताऱ्यास पोहोचले.

परीक्षा मंडळाच्या प्रमुखांनी या किरकोळ अंगाच्या, ठेंगण्या मुलाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे म्हणून त्याला परत पाठविले. वयाचा दाखला जवळ होता. त्याचा उपयोग झाला नाही. अर्ज नामंजूर झाला, आणि आले त्या पायांनी परत जावे लागले. पुढील वर्षी कोल्हापूरच्या ठाण्यावर हीच परीक्षा देऊन तो उत्तीर्ण झाला. अपमानाचा हा प्रसंग कर्व्यांनी आपल्या आत्मवृत्तात सांगितला आहे, आणि तो इतक्या शांतपणाने सांगितला आहे की, वाचणाऱ्यालाच त्या हाकिमाचा राग यावा. दाराशी आलेल्याला केवळ दिसण्यावरून परत पाठविणे म्हणजे काय, याचा अनुभव ज्याला सतराव्या वर्षी आला, त्याने पुढे ज्यांच्या दिसण्यावरूनच समाजाने त्यांना सर्व दारे बंद केली होती अशा केशवपन केलेल्या बालविधवांसाठी दार उघडावे, यात मला योगायोग दिसत नाही. हे माझे अनुमान आहे. कर्व्यांनी असा संबंध जोडलेला नाही.

मधल्या काळाचा वृत्तांत थोडक्यात सांगण्याजोगा आहे. मुंबईस इंग्रजी शिक्षण, १८८१ साली मॅट्रिक, १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन बी. ए.; मग मुंबईच्या शाळांतून गणिताची मास्तरकी, तीत मुलींच्या शाळाही आल्या; आणि १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताची अध्यापकी. त्याच वर्षी त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. १८९३ सालच्या मार्च महिन्यात त्यांनी आपले स्नेही नरहरपंत जोशी यांची बालविधवा भगिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले आणि जगाने त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखले. नवपरिणीत दांपत्य मुरूडला गेले तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. ज्या गावाला या मुलाने देवळात वर्तमानपत्र वाचून दाखविले, त्याच गावाने आता तो जेथे असेल त्या सभेस कोणी बसू नये असे ठरविले.

एका विधवेचा विवाह झाला म्हणून हजारो विधवांचा प्रश्न सुटत नाही. त्यांना प्रथम स्वतःच्या पायांवर उभे राहता आले पाहिजे आणि त्यासाठी विद्या पाहिजे, हा विचार कर्व्यांच्या मनात ठाम होत गेला, आणि १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. अध्यक्षस्थानी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे ज्ञानवृद्ध गृहस्थ होते. संस्थेच्या पहिल्या निधीत कर्व्यांनी आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसी घातली. संसारी मनुष्याने आपल्या पश्चात बायकामुलांसाठी केलेली तरतूद म्हणजे विमा. तो दान करताना बायांशी काय बोलणे झाले असेल, याची कल्पना कोणत्याही गृहिणीला करता येईल. बायांनी पुढे 'माझे पुराण' या आपल्या आत्मचरित्रात संसारातील ओढाताण मोकळेपणाने लिहिली आहे. संस्थेच्या इतिहासात देणगीदारांच्या यादीत बायांचे नाव वेगळे येत नाही. ते यावयास हवे होते.

१८९९ साली शहरात आश्रम सुरू झाला आणि १९०० साली, प्लेगच्या धास्तीमुळे आणि लोकांच्या रोषापासून दूर राहणेही बरे म्हणून, तो पुण्याबाहेर चार मैलांवर हिंगणे बुद्रुक या खेड्याच्या हद्दीत गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथे सहा एकर जमीन दिली होती. त्या जमिनीवर एक झोपडी उभी राहिली. आज कर्वेनगर म्हणून जो भाग वाहनांच्या गर्दीने गजबजलेला आहे, तेथे त्या वेळी धड रस्ता नव्हता. काट्याकुट्यांतून आणि पावसाळ्यात चिखलातून जाणारी पायवाट होती. कर्वे दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत, सायंकाळी आश्रमासाठी लागणारा बाजार खांद्यावर टाकून चालत हिंगण्यास जात, तेथे मुलींना शिकवीत, रात्री मुक्काम करीत आणि पहाटे पुन्हा चालत शहरात येत. हा क्रम त्यांनी दोन वर्षे चालविला. या वाटेचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. पण ते नेहमी कर्व्यांच्या बाजूने केलेले असते. त्याच वाटेने दुसरीही एक व्यक्ती चालत आलेली असे, आणि तिच्याविषयी लिहिलेले फार थोडे सापडते.

माझ्या स्वयंपाकघरात एक पितळी तांब्या आहे. मुलीच्या घरी, म्हणजे येथे एचएसआर लेआउटात, पाण्यासाठी यंत्र आहे आणि तांब्याचा उपयोग आता तुळशीला पाणी घालण्यापुरताच उरला आहे. त्याच्या गळ्याखाली, भांडी हरवू नयेत म्हणून कासार पूर्वी ठोक्याठोक्यांनी नाव घालीत, तशी तीन अक्षरे आहेत: हिंगणे. तांब्या माझ्या आजीच्या थोरल्या बहिणीचा. तिचे लग्न नवव्या वर्षी झाले, बाराव्या वर्षी ती विधवा झाली, आणि तेराव्या वर्षी ती हिंगण्यास होती. पुढे ती खानदेशात मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली आणि तिच्या पगारावर माझ्या आजीच्या दोन भावांचे शिक्षण झाले. इतके आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. परंतु बाराव्या आणि तेराव्या वर्षाच्या मध्ये तिला त्या पायवाटेपर्यंत कोणी आणून सोडले, घरातून ती उजळ माथ्याने निघाली की कोणाला न सांगता, दारात कोण रडले आणि कोणी पाठ फिरविली, हे विचारण्याचे कोणाच्या मनात आले नाही, आणि आता विचारावयास कोणी उरले नाही. ज्या मुलीने माजघराचा उंबरठासुद्धा मोठ्यांच्या परवानगीवाचून ओलांडला नव्हता, तिने पुणे ते हिंगणे हे चार मैल चालून जाणे, हा या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत लांबचा प्रवास होय. पुढे मी कर्व्यांच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा वृत्तांत देणार आहे. परंतु तो वाचताना वाचकांनी ते चार मैल विसरू नयेत.

अशाच वाटेने आलेल्या एका विद्यार्थिनीचे नाव मात्र इतिहासात राहिले आहे, कारण तिने आपली कहाणी स्वतः लिहून ठेवली. पार्वतीबाई आठवले या बायांच्या भगिनी, कोकणातील देवरुखच्या. विशीत वैधव्य आले, पदरी लहान मूल, केशवपन झालेले, अक्षरओळख जवळजवळ नाही. त्या बहिणीच्या घरी आल्या, शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमात शिक्षिका झाल्या, आणि मग आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या. ज्या रूपात समाजाने विधवेला कोपऱ्यात बसविले होते, त्याच रूपात त्या व्यासपीठावर उभ्या राहून बोलत असत. आणि पुढे विचारांती त्यांनी केशवपन बंद केले. १९१८ साली, वयाच्या पन्नाशीकडे झुकत असता, इंग्रजी शिकावे आणि संस्थेसाठी मदत मिळवावी या हेतूने त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. जवळ पैसा नव्हता आणि भाषाही नव्हती. परक्या घरांतून घरकाम करून त्यांनी पोट भरले आणि भाषा मिळविली, आणि दोन वर्षांनी त्या परत आल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचे आत्मकथन महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात असावयास हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. आज या वसाहतीतील आमच्या मुली अमेरिकेच्या वाऱ्या करतात, त्यांच्या हाती कंपनीचे पत्र असते आणि उतरण्याची सोय आधीच झालेली असते; त्यांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही, पण त्यांनी पार्वतीबाईंना आपल्या आधीच्या पिढीतील प्रवासिनी म्हणून ओळखावे एवढीच इच्छा आहे.

१९०७ साली महिला विद्यालय निघाले, म्हणजे विधवांच्या आश्रमाशेजारी कुमारिकांसाठीही शाळा झाली. आणि कार्यकर्त्यांची तयारी व्हावी म्हणून निष्काम कर्ममठ स्थापन झाला. त्यांच्या घटनांचा आणि पुढे झालेल्या एकीकरणाचा तपशील अहवालांतून मिळतो, तो येथे देत नाही. १९१४ साली कर्वे फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले. वय छप्पन्न. पेन्शन सुरू झाली. आपल्याकडील चालीप्रमाणे येथे मनुष्याच्या चरित्राचे शेवटचे प्रकरण सुरू व्हावयाचे. पण या चरित्रात अजून अठ्ठेचाळीस वर्षे बाकी होती.

निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी टपालाने एक पुस्तिका आली. तोक्यो येथे १९०१ साली जिन्झो नारुसे यांनी स्थापन केलेल्या जपानच्या महिला विद्यापीठाची ती माहितीपत्रिका होती. कर्व्यांनी ती चाळून बाजूस ठेविली. पुढे थोड्याच दिवसांत, १९१५ सालच्या डिसेंबरात मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले, आणि अध्यक्षीय भाषणाची तयारी करीत असता ती पुस्तिका त्यांनी पुन्हा हाती घेतली. या वेळी ती लक्षपूर्वक वाचली. जे राष्ट्र स्वतःच्या भाषेत आपल्या स्त्रियांना उच्च शिक्षण देते आणि त्या शिक्षणात त्यांच्या आयुष्याला उपयोगी पडणाऱ्या विषयांची जोड देते, त्याचे उदाहरण आपल्याला का लागू पडू नये, हा प्रश्न त्यांनी परिषदेत मांडला आणि १९१६ साली भारतवर्षीय महिला विद्यापीठ सुरू झाले. शिक्षणाचे माध्यम मराठी. कुलपती भांडारकर, कुलगुरू रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. आणि कॉलेजच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी पाच. पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ म्हणून पुष्कळांनी थट्टा केली, सरकारी मान्यता नव्हती, पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत नव्हती. बंगळूरकर वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट अशी की, त्याच १९१६ साली, विश्वेश्वरय्या दिवाण असता, म्हैसूर विद्यापीठाची स्थापना झाली. एका विद्यापीठाच्या पाठीशी संस्थानचा खजिना होता, दुसऱ्याच्या पाठीशी एका पेन्शनरची चिकाटी होती. आणि दोन्ही आज उभी आहेत.

१९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव आज एसएनडीटी या अक्षरांनी मुंबईत लोकलच्या गर्दीतसुद्धा उच्चारले जाते. पुढे १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले, आणि स्वराज्य आल्यावर त्यास कायद्याने मान्यता मिळाली. पण तोपर्यंतच्या काळात, मान्यता नसलेल्या विद्यापीठाचा परिचय जगाला करून द्यावा आणि जमेल तेथून द्रव्यसाहाय्य आणावे, यासाठी त्या निवृत्त मास्तरांनी काय केले ते सविस्तर सांगितले पाहिजे.

१९२९ सालच्या मार्च महिन्यात, वयाला एकाहत्तर वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, ते युरोपास निघाले. या वयात लोक काशीयात्रा उरकून घेतात. इंग्लंडात माल्व्हर्न येथे प्राथमिक शिक्षकांची परिषद होती, तिला ते उपस्थित राहिले. लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे भारतातील स्त्रीशिक्षणावर त्यांचे व्याख्यान झाले. जुलैअखेर जिनिव्हा येथे जगभरच्या शिक्षकांची परिषद भरली, तेथे त्यांनी आपल्या विद्यापीठाच्या प्रयोगाची हकीकत सांगितली. ऑगस्टात डेन्मार्कमधील एल्सिनोर येथे नवशिक्षणवाद्यांच्या मेळाव्यास ते गेले. जर्मनीत त्यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांची भेट घेतली. कुंभार्लीचा घाट पायी चढून गेलेला, कोल्हापूरच्या ठाण्यावर मराठी सहावी उत्तीर्ण झालेला आणि तेवीस वर्षे फर्ग्युसनच्या मुलांना गणित शिकविलेला हा मनुष्य त्या शतकातील सर्वश्रेष्ठ गणिती बुद्धीच्या पुरुषासमोर बसला आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले की मला शिक्षकी पेशाविषयी कृतज्ञता वाटते.

तेथून अमेरिका, आणि अमेरिकेतून जपान. तोक्योस त्यांनी ते महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. पंधरा वर्षांपूर्वी जी पुस्तिका टपालाने त्यांच्या मेजावर आली होती, तिच्यातील इमारतींच्या पायऱ्या आता ते चढले. ज्यांच्या उदाहरणावरून आपण एक काम उभे केले, त्यांच्या दारी जाऊन आमच्याकडेही ते झाले आहे हे सांगता यावे, असे समाधान फार थोड्या शिक्षकांच्या वाट्याला येते. १९३० सालच्या एप्रिलअखेर ते स्वदेशी परतले. देशात त्या वेळी मिठाच्या सत्याग्रहाचे वारे होते. डिसेंबरात ते पुन्हा निघाले, आता आफ्रिकेस: मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांजिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका, असा पंधरा महिन्यांचा प्रवास. त्यांचे पुत्र डॉ. शंकर हे पूर्व आफ्रिकेत वैद्यकी करीत असत. या सर्व मुलखांत पोट भरण्यासाठी गेलेले गुजराती, मराठी, पंजाबी लोक होते. दुकानदार, रेल्वेतील कारकून, डॉक्टर. त्यांच्या वस्त्यांतून हा पंचाहत्तरीकडे झुकलेला वृद्ध हिंडला आणि आपल्या देशातील मुलींच्या शिक्षणासाठी त्याने वर्गण्या मागितल्या. देशाबाहेर गेलेल्या माणसालाही आपल्या देशातील शाळेचे ऋण आहे, आणि ते त्याच्या दारी जाऊन मागितले तर तो देतो, अशी त्यांची श्रद्धा होती. कर्नाटकात बसून महाराष्ट्रातील एका संस्थेची स्मरणिका काढणाऱ्या आमच्या मुली नकळत तीच श्रद्धा चालवीत आहेत, म्हणून आफ्रिकेचा हा भाग मी थोडा अधिक विस्ताराने सांगितला.

प्रवासवर्णने लिहिणारे पुष्कळ असतात. परक्या मुलखातील डोंगर, वाडे, बाजार यांची वर्णने ते बहारीने करतात. कर्व्यांच्या लेखनात अशी बहार शोधणाऱ्याची निराशा होईल. त्यांच्या १९३६ साली इंग्रजीत लिहिलेल्या आत्मचरित्रात प्रवासाचे वृत्तांत जमाखर्चाच्या वहीसारखे चोख आहेत. कोठे किती सभा, कोठे कोणाचा परिचय, काय पाहिले आणि त्यातील आपल्याकडे काय आणता येईल. हे काही वाचकांना रुक्ष वाटते. मला त्यात वर्गावरून घरी आलेल्या शिक्षकाची सचोटी दिसते. तो दुसऱ्या दिवशीच्या धड्याची टाचणे काढीत असतो.

परत आल्यावर आराम करावा, तर १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत सरकारची किंवा लोकल बोर्डाची शाळा नाही, तेथे शाळा काढावी, हा त्याचा हेतू. स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनीतून त्यांनी आरंभ केला आणि मग ते पुण्याच्या पेठांतून घरोघरी फिरू लागले. डोक्यावर पगडी, अंगात लांब कोट, हातात पेटी. कोणी पैसा टाकी, कोणी आणा. ज्यांनी ते दृश्य पाहिले त्यांच्या आठवणींत एक गोष्ट हटकून येते: देणाऱ्याने थोडे दिले म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर कधी फरक पडला नाही. विद्यापीठास पंधरा लाख मिळवून देणारा हा माणूस एका आण्यासाठी जिना चढून जात होता. सतराव्या वर्षी ज्या पेशाचा दाखला मिळविण्यासाठी तो घाट चढला होता, त्या खेड्यातील प्राथमिक शिक्षकाच्या पेशाकडे तो साठ वर्षांनी परत आला, अशी या घटनेची माझ्या मनाशी मी लावलेली संगती आहे. १९४४ साली त्यांनी समता संघ काढला आणि जातिभेदाविरुद्ध लिहिण्याबोलण्यास आरंभ केला. म्हणजे स्त्रियांसाठी उघडलेले दार आणखी रुंद करण्याची गरज त्यांना शहाऐंशीव्या वर्षी वाटली.

सरकारचे मान त्यांना उशिरा मिळाले आणि त्यांनी ते शांतपणे स्वीकारले. १९५५ साली पद्मविभूषण. १९५८ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतरत्न. आणि त्याच वर्षी १८ एप्रिलला, त्यांच्या हयातीतच, त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले. १९६२ सालच्या ९ नोव्हेंबरला, वयाच्या एकशे चौथ्या वर्षानंतर, त्यांचे देहावसान झाले. हिंगण्याच्या त्या जमिनीवर त्यांची झोपडी जपून ठेवलेली आहे.

संस्थेचा पुढील विस्तार आजच्या विद्यार्थिनींना माझ्याहून चांगला माहीत आहे. हिंगणे स्त्री शिक्षण संस्था आता महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था झाली आहे. शाळा, वसतिगृहे, महाविद्यालये यांची संख्या वाढत गेली, आणि १९९१ साली मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. एके काळी जेथे बालविधवा अक्षरे गिरवीत होत्या, तेथे मुली विद्युत्प्रवाहाची आणि संगणकाची गणिते सोडवू लागल्या. आणि त्यांच्यापैकी कित्येक पुढे पोटापाण्यासाठी बंगळूरास आल्या. सकाळी आठ वाजता एचएसआर लेआउटातून सिल्क बोर्डच्या चौकाकडे निघणाऱ्या वाहनांच्या रांगेत त्या असतात, आणि त्यांच्या आया व सासवा घरी नातवंडांचे डबे भरून झाल्यावर अगरा तलावाकडे फिरावयास निघतात. त्यांच्या कित्येक आज्या-पणज्यांपैकी कोणी ना कोणी त्या पायवाटेने चालली असेल, ही शक्यता मला फार मोठी वाटते. महाराष्ट्रातील मध्यम वर्गाच्या घराण्यांत अशी एखादी आत्या, मावशी, काकू बहुधा असतेच, जिच्याविषयी घरात इतकेच सांगतात की, ती हिंगण्यास होती.

या स्मरणिकेच्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या घरातील जुन्या ट्रंका, पत्रे, भांडी, फोटोंच्या पाठी एकदा पाहाव्यात. घरात ऐंशीच्या पुढील कोणी असेल तर आजच त्यांच्याजवळ बसून विचारावे की, आपल्याकडून हिंगण्यास कोण गेले होते, कोणत्या साली, कोणी नेऊन सोडले, आणि ती पुढे काय झाली. जे मिळेल ते नाव, गाव आणि सालासह, चार ओळी का होईना, स्वच्छ अक्षरात लिहून या पुस्तिकेच्या संपादिकांकडे द्यावे. पुढील अंकात ती नावे छापली जातील. पहिले नाव तांब्यावरून मी लिहून दिले आहे.